डाव्या कोपऱ्यातलं झाड

जुई जन्मली त्या सकाळी खिडकीबाहेर गुलमोहर फुलला होता. काचेच्या पेटीत ती निजली होती, मूठभर, आणि फुलांचा लाल उजेड झिरपत येऊन तिच्या कपाळावर पडला होता. मी शेजारी बसले होते, दोन्ही हात मांडीवर जुळवून.

ही गोष्ट मी नवऱ्याला, निखिलला सांगितली, माझ्या आईला सांगितली, शाळेतल्या बायकांना सांगितली. जुईला तर रोज दुपारी निजवताना सांगायचे. तिच्या पापण्या जड व्हायच्या, माझ्याही, आणि दोघींच्या मधे ते झाड हलत राहायचं.

जुई पावणेदोन वर्षांची झाली. एका दुपारी सासूबाई दारात लसूण सोलत बसल्या होत्या आणि मी जुईला पायावर आडवं घेऊन गोष्ट सुरू केली. सासूबाईंचे हात थांबले.

"कुठला गुलमोहर गं केतकी?"

"दवाखान्यातला. खिडकीबाहेर होता तो."

"त्या खोलीला खिडकी कुठं होती? तळघरात होती की ती खोली. बत्तीस पायऱ्या. माझे गुडघे विसरतील होय तो जिना?"

मी हसले. म्हटलं, आई, तुम्ही बाहेरच्या बाकावर होतात, आत मी होते.

"आत तू होतीस, कबूल. पण पौषात कधी फुलला गं गुलमोहर?"

त्या परत लसणाकडे वळल्या. जुई झोपेत ओठ हलवत होती. मी डोळे मिटले आणि ती सकाळ पुन्हा बघायचा प्रयत्न केला. खिडकी स्पष्ट दिसत होती. चौकटीचा निघालेला रंगसुद्धा. आतल्या आत कुणीतरी हलकेच पाट सरकवावा तसं वाटलं. फोटो एकही नव्हता; वेळेआधी आलेल्या बाळांच्या त्या खोलीत फोन नेऊ देत नसत. त्या सकाळची साक्षीदार मी एकटी, आणि माझी साक्ष फिरली होती.

गडहिंग्लजच्या सकाळी भरणाऱ्या एका शाळेत मी चित्रकला शिकवते. त्याआधी पुण्यात माध्यमशास्त्र शिकले, म्हणून मला पुस्तकी बोलायची खोड आहे असं आमचे मुख्याध्यापक पाटोळे सर म्हणतात. 'सोबत' शाळेत आणली ती मीच.

सोबत म्हणजे मनगटाच्या वर बांधायचा बोटभर रुंदीचा कापडी पट्टा. आपण रेघ ओढतो तेव्हा बोट हलायच्या किंचित आधी कोपराखालच्या स्नायूंतून वीज धावते. पट्टा ती सेकंदाला दोन हजार वेळा मोजतो. रेघ कुठे निघाली आहे हे त्याला आपल्याइतकंच लवकर कळतं. मग तो स्नायूला उलट एक बारीकसा झटका देतो. दुखत नाही, कुणी मनगटावर फुंकर घातल्यासारखं वाटतं. बोटं त्या बाजूला वळतात आणि रेघ सुंदर येते. आपणच काढली असं वाटतं, कारण हात आपलाच असतो.

कुठली रेघ सुंदर, हे पट्ट्याला कुणी शिकवलं? आम्ही. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत 'अ' श्रेणी मिळालेले, राज्यभरातल्या शिक्षकांनी पन्नासेक वर्षं जपून ठेवलेले हजारो कागद बनवणाऱ्यांनी त्याला दाखवले होते. हाताचा कंप तो गोंगाट समजून गाळून टाकायचा. दोन मोजणींच्या मधलं जे मोजलंच गेलेलं नाही, ते त्या हजारो कागदांच्या आधाराने भरून काढायचा.

सातवीच्या मुलींना मी हे ठिपक्यांच्या रांगोळीने समजावलं होतं. वर्गाच्या फरशीवर सात ते सात ठिपके काढले आणि विचारलं, "ह्यात चित्र कुठंय?"

"रेघांत, बाई."

"आणि रेघा अजून नाहीत. संगणकाकडे फक्त ठिपके असतात. आवाज असो, फोटो असो, तुमचा हात असो, त्याचे आधी ठिपके होतात. ठिपके मोजता येतात, म्हणून हलवता येतात, बदलता येतात, जगात कुठेही पाठवता येतात. पण मधलं भरायचं काम उरतंच. आता प्रत्येकीने हे ठिपके आपापल्या मनाने जोडा."

बत्तीस रांगोळ्या झाल्या, बत्तीस तऱ्हेच्या. मी खूश. शेवटी म्हटलं, "माध्यम कुठलंही घ्या, चाळणीसारखं असतं. काही वर ठेवतं, काही खाली सांडतं. चांगली चित्रकार खाली काय सांडलं ते वाकून बघते."

स्वतः मात्र मी वाकून बघितलं नव्हतं.

बाळंतपणाच्या रजेवरून परतले तेव्हा जुई सहा महिन्यांची होती. पट्टा वापरायच्या प्रशिक्षणात सांगितलं गेलं, एखादी लाडकी आठवण काढा. मी ती सकाळ निवडली. दवाखान्यात सिस्टरांकडून निळं बॉलपेन मागून केसपेपरच्या पाठीवर मी एक चित्र काढलं होतं. वेडंवाकडं, घसरलेलं. ते समोर ठेवून पट्टा बांधला, आणि वीस मिनिटांत कागदावर पेटी, बाळ, पदर घेतलेली आई, खिडकी, गुलमोहर. मला रडू आलं. इतकं नेमकं मला कधीच जमलं नव्हतं. पुढे प्रत्येक वर्गाला शिकवताना मी तेच काढून दाखवायचे. घरी जुई निजली की स्वतःसाठीही काढायचे. मनगटावर फुंकर, डोळ्यांवर झापड, शाळेच्या साडीला दुधाचा वास, आणि ते झाड. वर्षभरात शंभर वेळा तरी.

मेंदूचा अभ्यास करणारे म्हणतात, आठवण कपाटातल्या फोटोसारखी नसते. ती ओल्या मातीसारखी असते. बाहेर काढून हातात घेतली की मऊ होते, आणि परत ठेवताना जो हात लागेल त्याचा ठसा घेऊन सुकते. माझ्या मातीवर शंभर वेळा कुणाचा तरी हात लागला होता. तो माझ्याच मनगटातून आला होता, म्हणून मला परका वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेल्या गेल्या मी स्मरणचित्रांचा गठ्ठा सोडला. परीक्षेला तीन आठवडे होते. स्मरणचित्र म्हणजे समोर काही न ठेवता, आठवून काढायचं चित्र. सरावाचा विषय होता आठवडी बाजार. पट्टा बांधून काढलेले एकतीस कागद मी बाकांवर पसरले.

एकतीसही कागदांवर डाव्या कोपऱ्यात झाड होतं.

त्या झाडाला मी ओळखत होते. माझ्या लहानपणी आमचे चित्रकलेचे सर फळ्यापाशी उभे राहून सांगायचे, पुढे तीन मोठी माणसं घ्या, मागे घरं, आणि डाव्या कोपऱ्यात एक झाड टाका. कोपरा मोकळा दिसला की मार्क गेले. त्यांना त्यांच्या सरांनी सांगितलं असेल. मीही सांगत आले होते, माझ्या ह्याच तोंडाने. पन्नास वर्षांच्या 'अ' श्रेणीत पन्नास वर्षांची झाडं होती.

मुली आल्यावर विचारलं, "आपल्या बाजारात झाड कुठं आहे गं?"

"आहे की बाई," समृद्धी नायकवडी म्हणाली. "केळीवाल्या मामांच्या मागं."

"मोठं हाय," दुसरी म्हणाली. "सावली पडती त्याची केळ्यांवर."

एकीलाही शंका नव्हती.

रविवारी जुईला कडेवर घेऊन बाजारात गेले. वर सगळा पत्रा, खाली फरशी. केळीवाल्यांच्या मागे भिंत, भिंतीवर सौरपंपाची जाहिरात. "मामा, इथं झाड होतं का कधी?"

"झाड?" त्यांनी आधी माझ्याकडं, मग कडेवरच्या पोरीकडं बघितलं. "माझ्या जन्मात न्हाई बाई. झाड असतं तर पत्रा कशाला घातला असता?" आणि जुईच्या हातात एक केळं दिलं.

समृद्धी तिथेच भेटली, आईबरोबर मेथी निवडून घेत होती. मी तिला भिंतीपाशी नेलं. ती बराच वेळ बघत राहिली. भिंतीला हात लावून बघितला. मग हळूच म्हणाली, "तोडलं वाटतं, बाई."

तिच्या आवाजात झाड तोडल्याचं खरं दुःख होतं.

घरी आल्यावर मला एकच गोष्ट हवी होती. तो केसपेपर. कपाट उपसलं, जुईच्या लशींची फाईल उपसली, गादी उचलली. निखिल कारखान्यातून आला तो दारातच थांबला. "चोरी झाली काय?"

"हो," मी म्हटलं.

मग आठवलं. कागद मी वर्गात रद्दी कागदांच्या खोक्यात टाकला होता, आणि एका मुलीने तो उचलून विचारलं होतं, "बाई, हे मी घेऊ?" मी म्हटलं होतं, "घे गं, बिघडलेलं आहे ते."

ती मुलगी तेजल घेवडे. वर्गात बत्तिसावी. पट्टा न बांधणारी एकटी. तिच्या बाजाराच्या चित्रात डावा कोपरा रिकामा होता, आणि त्या रिकाम्या कोपऱ्यावर माझ्याच लाल पेनाने लिहिलं होतं: 'जागा वाया.'

सोमवारी मधल्या सुट्टीत तिला थांबवलं. "तेजल, मागच्या वर्षी तुला मी एक चित्र दिलं होतं. निळ्या पेनाचं."

ती घाबरली. "परत पायजे?"

"बघायचंय फक्त."

तिने कंपासपेटी उघडली. तळाशी चौघडी करून ठेवलेला तो कागद होता. घड्या मऊ झाल्या होत्या. "मी रोज बघतो," ती म्हणाली. आमच्याकडच्या पोरी 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. "मला लई आवडतंय हे. रेघ थरथरतीय त्यातली."

मी कागद उलगडला. खिडकी नव्हती. पदर घेतलेली आईही नव्हती. मी त्या दिवशी दवाखान्याच्या गाऊनमध्ये होते, पदर कुठून येणार? आणि चित्रात मी कशी असेन, मी तर बघत होते. होती फक्त पेटी, तीही दोनदोनदा काढल्यासारखी, एक कड दुसरीवरून घसरलेली. आत एक गाठोडं. आणि डाव्या कोपऱ्यातून निघून पेटीच्या गोल झरोक्यात शिरलेली जाड दुहेरी रेघ. टोकाला तिला फाटे फुटले होते.

"हेच ते झाड," माझ्या तोंडून निघालं. पट्ट्याने ह्याचंच झाड केलं होतं. डाव्या कोपऱ्यात काहीतरी उभं आहे, त्याला वर फाटे आहेत. झाडाशिवाय दुसरं काय असणार?

"झाड?" तेजल हसली. "काय बी काय बाई! हात हाय की तो."

"कुणाचा?"

"तुमचा. बघा की, आत गेलाय. आणि कागद सरकलाय तुमचा, म्हणून तर सगळं दोनदा आलंय. एक हात आत घातला तर कागद धरणार कोण?" तिने माझ्याकडे, मला एवढंही कळू नये अशा नजरेने बघितलं. "माझा पण सरकतो. धाकटी मांडीवर असली की ती हे बोट सोडत न्हाई. मग मी एकाच हातानं काढतो. म्हणून तर पट्टा घालत न्हाई, ती चावती त्याला."

वर्गाबाहेर मुलींचा कालवा चालला होता. मला तो पाण्याखालून आल्यासारखा ऐकू येत होता. मी डावा हात पुढे केला, बोटं पसरली, कागदावर ठेवून पाहिला. तर्जनी बाकीच्या बोटांपासून सुटी होती, आणि तिच्या टोकाशी एक गाठ होती. पेन तिथेच गोल गोल फिरवलेलं. एक मूठ.

"बाई, रडू नका. घ्या परत, ठेवा तुमच्याकडं."

"नको गं. तुझंच आहे ते. दोन दिवस उसनं दे."

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर पाटोळे सरांकडे गेले. म्हटलं, स्मरणचित्राच्या पेपरला मुली पट्टा बांधणार नाहीत. बाकी वस्तुचित्राला, नक्षीकामाला बांधू देत.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "केतकी मॅडम, नियमात पट्टा चालतो. एकतीस पोरींना 'अ' श्रेणी दिसतीय मला. शाळेच्या फाटकावर फलक लावणार होतो मी."

"सर, मुलींना बाजारात नसलेलं झाड आठवतंय."

"आठवू दे की! झाडाच्या आठवणीनं कुणाचं वाईट झालंय?"

"उद्या विषय आला 'माझं घर', 'माझी आजी', तर? आजीच्या जागी दुसरीच कुणीतरी बसेल, सर. आणि पोरींना कळणारही नाही."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "पट्टा आणला कुणी? तुम्हीच ना? सहा महिने माझ्या डोक्यावर बसून पटवलंत मला."

"हो. मीच."

"मग पालकांना पण तुम्हीच सांगा. मी न्हाई येणार शिव्या खायला." आणि मी दारापर्यंत गेल्यावर मागून म्हणाले, "माझ्या आजीला मिशी होती बरं का. ती कुठल्या 'अ' श्रेणीत बसणार, काय की."

पालक ओरडले. दोन मुलींची नावं दुसऱ्या क्लासला गेली. उरलेल्या तीस जणींना मी रोज एक काम दिलं. डाव्या हातात काहीतरी धरून ठेवायचं, कागद मोकळा सोडायचा, आणि त्याला सरकू द्यायचं. पहिले चार दिवस तरीही झाडं उगवली, पट्टा नसताना. पाचव्या दिवशी समृद्धीने कागदावर नुसते पाय काढले. चपलांचे, बिनचपलांचे, एका पायाला फडकं बांधलेलं. "आई भाजी घेती तवा मी खाली पिशवी धरून बसतो, बाई," ती म्हणाली. "मला एवढंच दिसतंय." आणि स्वतःच दचकून चित्राकडे बघत राहिली.

श्रेण्या यायच्या तशा आल्या. 'अ' सातच जणींना मिळाली. तेजलला 'ब'. फाटकावर फलक लागला नाही.

पण ते पुढचं. उसना घेतलेला कागद परत करायच्या आदल्या दुपारची गोष्ट सांगायची राहिली.

सासूबाई शेजारी गेल्या होत्या. जुईला निजवायचं होतं. पट्टा मी कपाटात वर टाकला होता, तरी मनगटावर फुंकर येईल असं उगाच वाटत होतं. मी तिला मांडीवर घेतलं. गोष्टीची वेळ झाली होती, तिने मान वर करून स्वतःच आठवण दिली, "जाल." झाड.

"झाड नव्हतं गं तिथं."

"जाल," तिने ठामपणे सांगितलं. तिची तरी काय चूक? वर्षभर मीच तिला त्या झाडाखाली निजवलं होतं.

मी पाटावर कोरा कागद ठेवला, निळं बॉलपेन घेतलं. डाव्या हाताचं बोट जुईला दिलं. तिने ते धरलं, सवयीने, डोळे मिटता मिटता. आणि मी काढायला लागले. पेटीची कड ओढली, कागद सरकला. पुन्हा ओढली, पुन्हा सरकला. रेघेवर रेघ चढत गेली. मी काही आठवत नव्हते, फक्त सरकू देत होते.

खोली तळघरातली होती. हे मला आठवलं की सासूबाईंनी सांगितलं म्हणून दिसलं, मी सांगू शकत नाही. आता ते दोन्ही वेगळे करता येणार नाहीत, हेही मला कळतं. माती एकदा मळली की मळली. पण गाठोड्याच्या खालच्या टोकाशी पेन आलं तेव्हा ते आपोआप थांबलं. तिथे काहीतरी होतं. लाल. इतके दिवस मी जिला फुलं म्हणत आले ती लाली कपाळावर नव्हती, खाली होती. पावलाला गुंडाळलेल्या पट्टीतला तो चिमुकला दिवा, नाडी मोजणारा. तिचं पाऊल आतून उजळलं होतं, जास्वंदीची कळी उजेडात धरावी तसं. हे सासूबाईंना माहीत नव्हतं. तेजलच्या कागदावर नव्हतं, तो तर सगळा निळा. पट्ट्याला हे माहीत असायचं कारण नव्हतं. लाल रंग माझ्याच हाताने उचलला होता, त्याने फक्त त्या लालाला झाड लावलं होतं.

मांडीवर जुई पूर्ण निजली होती. तिच्या मुठीत माझं बोट घामेजलं होतं. कागद पाटाच्या कडेपर्यंत गेला होता, अर्धा खाली लोंबत होता. तेव्हा माझा हात डोळ्यांसमोर होता म्हणून चित्रात आला होता; आता तो कुठे होता? तिच्याच मुठीत. त्यामुळे ह्या चित्रात डावा कोपरा कोराच राहिला होता.

काहीतरी टाकावं, असं वाटलं. जुनी सवय. पेन कोपऱ्यापर्यंत गेलंही.

मग कागद आणखी बोटभर सरकला, आणि मी तो सरकू दिला.